एकाच पानावर दोन सेटिंग्ज: बंडल केलेल्या जावास्क्रिप्ट पॅकेजांत सामाईक सेटिंग ठेवायची कशी

हापूसच्या पेट्यांची ऑर्डर घेणारं एक पान समोर आहे असं समजा. वर दरफलक: पाच डझनांची पेटी, ३,५०० रुपये, आकडे देवनागरीत. खाली मागणीचा फॉर्म. तिथे तीच रक्कम, पण आकडे इंग्रजी. दोन्ही भाग भाषा एकाच 'सेटिंग' नावाच्या पॅकेजातून घेतात. पानाच्या सुरुवातीला भाषा 'एमआर-आयएन' (भारतातली मराठी) अशी एकदाच ठरवली आहे. कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नाही. गंमत म्हणजे ज्याचा फोन मराठीत आहे त्याला हा दोष दिसतच नाही, कारण भाषा न मिळालेला फॉर्म फोनचीच भाषा धरतो आणि आकडे आपोआप जुळतात. रत्नागिरीतल्या बागायतदाराकडे सगळं ठीक दिसतं, तक्रार येते ती मुंबईच्या इंग्रजी लॅपटॉपवरून.

अशा वेळी कारण बहुधा दोनपैकी एक असतं. एक तर पानावर 'सेटिंग' पॅकेजाच्या दोन प्रती आल्या आहेत, नाहीतर प्रत एकच आहे पण ती भरायच्या आधी कुणीतरी वाचली आहे. पुढे जे काही सांगितलं आहे ते या दोन गोष्टींभोवतीच फिरतं. (आज्ञा, कळा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलीत ती अर्थातच रोमन लिपीत जातात.)

दोन प्रती येतात कुठून

मॉड्यूल एकदाच चालतं आणि त्यातली व्हेरिएबल सगळ्यांना सामाईक असतात, हे आपण गृहीत धरतो. ते खरं आहे, पण एका अटीवर: ब्राउझर मॉड्यूल ओळखतो त्याच्या पत्त्यावरून, नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) ओळखतो फाइलीच्या मार्गावरून. बंडलर (अनेक फाइलींचा एक गठ्ठा बांधणारं साधन, जसं वेबपॅक, रोलअप, ईएसबिल्ड, व्हीट) मात्र त्या फाइलीचा मजकूर उचलून आपल्या गठ्ठ्यात ओततो. दरफलकाच्या गठ्ठ्यात एकदा, मागणी-फॉर्मच्या गठ्ठ्यात एकदा. आता पत्ता उरला नाही, मार्गही उरला नाही. एकाच वहीच्या दोन झेरॉक्स झाल्या, एकीत लिहिलेलं दुसरीत उमटणार नाही.

आधी प्रती मोजा

बरेच जण 'एनपीएम एलएस' चालवतात, तिथे पॅकेज एकदाच दिसलं की निश्चिंत होतात. ही आज्ञा फक्त नोड-मॉड्यूल्समधलं, म्हणजे पॅकेजं बसवली जातात त्या फोल्डरातलं झाड दाखवते. मागणी-फॉर्म प्रकाशित करतानाच ज्याच्या पोटात 'सेटिंग' ओतलं गेलं, ती प्रत या झाडात दिसतच नाही. म्हणून दोन्हीकडे बघायचं.

पहिलं, झाड: 'एनपीएम एलएस सेटिंग', पीएनपीएम किंवा यार्न असेल तर 'व्हाय सेटिंग'. दोन वेगळे व्हर्जन दिसले तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

दुसरं, तयार बिल्ड. 'सेटिंग'च्या मुख्य फाइलीत एक वेगळीच, कुठेही चुकून न येणारी अक्षरमाला ठेवा आणि मॉड्यूल चालू होताना ती कन्सोलवर छापा. मिनिफायर (कोड आक्रसून लहान करणारं साधन) व्हेरिएबलची नावं बदलतो, पण अवतरणातला मजकूर तसाच ठेवतो. मग 'डिस्ट' फोल्डरमध्ये, म्हणजे तयार बिल्ड असते तिथे, ती अक्षरमाला शोधा. इथे एक बारीक फसगत आहे: 'ग्रेप'ला मोजणीचा 'सी' पर्याय दिला तर तो ओळी मोजतो, आणि मिनिफाय केलेली अख्खी फाइल बहुतेक वेळा एकच ओळ असते. एका फाइलीत तीन प्रती असल्या तरी उत्तर एक येतं. 'ओ' पर्याय द्या आणि निकाल 'डब्ल्यूसी'च्या 'एल'कडे पाठवा. खरा आकडा तो.

कुठली सेटिंग कुठल्या वेळची

दुरुस्तीला हात घालण्याआधी सेटिंग्जची वाटणी करून घ्या, नाहीतर जिथे नको तिथे सामाईक साठा उभा राहतो.

काही गोष्टी बिल्डच्या वेळीच ठरतात: चाचणीची आवृत्ती की प्रत्यक्ष, कुठला भाग वगळायचा. यासाठी वेबपॅकचा 'डिफाइन प्लगिन', ईएसबिल्ड आणि व्हीटचा 'डिफाइन'. हे अदलाबदलीचं काम आहे. कोडात ते नाव जिथे जिथे आहे तिथे दिलेला मजकूर बसवला जातो. म्हणून अक्षरमाला द्यायची तर ती 'जेसन स्ट्रिंगिफाय'मधून काढूनच द्या. नुसती दिली तर अवतरणं गळतात, तो मजकूर व्हेरिएबलचं नाव समजला जातो आणि 'रेफरन्स एरर' येते.

सामाईक पॅकेज लिहिणाऱ्याने ही पद्धत शक्यतो टाळावी. सर्व्हरचा पत्ता पॅकेजाच्याच बिल्डमध्ये 'प्रोसेस ईएनव्ही'मधून (मशीनवरच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून) घेतला, तर तुमच्या मशीनवरचा पत्ता त्यात कायमचा कोरला जातो आणि वापरणाऱ्याने कितीही बदलला तरी काही होत नाही. पॅकेज बिल्ड करताना तो प्रश्न मोकळा सोडायचा, उत्तर शेवटच्या ॲपने द्यायचं.

दुसऱ्या गोष्टी पान चालू होताना ठरतात आणि पानभर सारख्या असतात: भाषा, चलन, सर्व्हरचा पत्ता, हंगाम चालू की बंद. या लेखाचा विषय याच. तिसऱ्या गोष्टी ग्राहकागणिक बदलतात. त्या सामाईक साठ्यात अजिबात नकोत, त्यांच्याकडे पुढे येऊ. आणि पेमेंट गेटवेची गुप्त कळ यातल्या कुठल्याच गटात नाही. बंडलमध्ये गेलेलं सगळं जगाला वाचता येतं. व्हीटमध्ये 'व्हीआयटीई_' या उपसर्गाने सुरू होणारी व्हेरिएबलच ब्राउझरपर्यंत पोचतात ती याच काळजीपोटी, तेव्हा कळेला तो उपसर्ग लावून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका.

उपाय पहिला: प्रत एकच ठेवा

सगळी पॅकेजं शेवटी एकाच ॲपमध्ये, एकाच बिल्डमधून जात असतील तर हाच उपाय करा. दुसऱ्याची गरजच नाही.

१. दरफलक, मागणी-फॉर्म, पोच-तारीख या प्रत्येक पॅकेजाच्या 'पॅकेज डॉट जेसन'मध्ये 'सेटिंग' हे 'पिअर डिपेंडन्सीज'मध्ये (वापरणाऱ्या ॲपने आणायच्या पॅकेजांच्या यादीत) लिहा, 'डिपेंडन्सीज'मधून काढा. स्थानिक चाचणीसाठी ते 'डेव्ह डिपेंडन्सीज'मध्येही लागेल. व्हर्जनची मर्यादा सैल ठेवा, कॅरेट लावून '२.०.०' पुरे. इथे नेमका पॅच आकडा बांधून ठेवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

२. त्या प्रत्येक पॅकेजाच्या बिल्डमध्ये 'सेटिंग' बाहेरचं म्हणून घोषित करा: रोलअपमध्ये 'एक्स्टर्नल', वेबपॅकमध्ये 'एक्स्टर्नल्स', ईएसबिल्डमध्ये 'एक्स्टर्नल'. पिअर लिहिलं की बंडलर आपोआप समजून घेईल असं धरू नका. टीएसअप नावाचा बंडलर तसं करतो, वेबपॅक आणि रोलअप स्वतःहून करत नाहीत.

३. उपमार्ग तपासा. रोलअपला 'सेटिंग' एवढी अक्षरमाला दिली तर ती तंतोतंत जुळली तरच लागू होते. कुणी 'सेटिंग/वाचा' असं इम्पोर्ट केलं की ते मुकाट्याने आत ओतलं जातं. तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन द्या. ईएसबिल्डमध्ये पॅकेजाचं नाव दिलं की त्याखालचे उपमार्गही धरले जातात.

४. फक्त ॲपच्या 'डिपेंडन्सीज'मध्ये 'सेटिंग' ठेवा, आणि पुन्हा प्रती मोजा.

एनपीएम ७ पासून पिअर आपोआप बसवले जातात आणि जुळत नसतील तर 'ईरिझॉल्व्ह' येऊन काम थांबतं. तेव्हा 'लेगसी पिअर डेप्स' मारून पुढे जायचा मोह होतो. त्याने एनपीएमची तक्रार मिटते, पॅकेजांमधला बेबनाव मिटत नाही. कुठलं पॅकेज जुन्या व्हर्जनला चिकटून बसलं आहे ते 'एनपीएम एक्स्प्लेन'ने बघा.

'एनपीएम लिंक' (स्थानिक पॅकेज ॲपला लिंकने जोडणारी आज्ञा) वापरताना मात्र हे सगळं नीट करूनही दोन प्रती येतात. बंडलर लिंकच्या मागे जाऊन खऱ्या फोल्डरात पोचतो, तिथल्याच नोड-मॉड्यूल्समध्ये डेव्ह म्हणून बसलेलं 'सेटिंग' त्याला सापडतं, आणि तो ते उचलतो. व्हीटमध्ये 'रिझॉल्व्ह'खालच्या 'डीड्यूप'मध्ये नाव घाला. वेबपॅकमध्ये 'रिझॉल्व्ह'खालच्या 'अलायस'ने ॲपमधल्या प्रतीचा पूर्ण मार्ग द्या. त्याहून भरवशाचं म्हणजे 'एनपीएम पॅक' करून मिळालेली टारबॉल बसवून बघणं. ग्राहकाला मिळतं तेच तुम्हाला मिळतं.

नोडमध्ये आणखी एक वाट आहे. पॅकेज 'रिक्वायर'साठी एक फाइल आणि 'इम्पोर्ट'साठी दुसरी देत असेल, तर दोन्ही पद्धतीने मागणाऱ्यांना दोन वेगळ्या प्रती मिळतात, व्हर्जन एकच असलं तरी. सेटिंगचा साठा एकाच कॉमनजेएस ('रिक्वायर'च्या) फाइलीत ठेवून ईएसएमची ('इम्पोर्ट'ची) फाइल तिचं नुसतं वेष्टण करा.

उपाय दुसरा: साठा बाहेर काढा

दरफलक एका स्क्रिप्ट टॅगने येतो, फॉर्म दुसऱ्या, दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी बिल्ड केलेले. इथे प्रती दोन राहणारच. मग साठा मॉड्यूलच्या बाहेर, 'ग्लोबलधिस'वर, म्हणजे पानावरच्या सगळ्या कोडला दिसणाऱ्या ऑब्जेक्टवर ठेवायचा. हे नाव ईएस २०२० पासून भाषेत आहे, आणि ब्राउझर, वर्कर, नोड सगळीकडे चालतं.

'विंडो डॉट कॉन्फिग' असं सरळ नाव मात्र देऊ नका. दुसऱ्या स्क्रिप्टशी टक्कर होईल हे तर आहेच. शिवाय पानावर 'कॉन्फिग' आयडीचा एखादा डिव्ह असेल, तर 'विंडो डॉट कॉन्फिग' विचारल्यावर ब्राउझर तो डिव्ह हातात देतो. 'आहे की नाही' ही तपासणी 'आहे' म्हणते, आणि सेटिंग म्हणून तुम्ही एचटीएमएलचा तुकडा वाचत बसता.

साठ्याच्या नावासाठी, म्हणजे कळ म्हणून, 'सिम्बॉल डॉट फॉर' वापरा. नुसतं 'सिम्बॉल' चालणार नाही, ते प्रत्येक प्रतीत नवं बनतं. 'सिम्बॉल डॉट फॉर'ला तीच अक्षरमाला दिली की सगळ्या प्रतींना तोच सिम्बॉल मिळतो. अक्षरमालेत पॅकेजाचं नाव आणि मुख्य व्हर्जन घाला, म्हणजे दुसऱ्या पिढीचा साठा तिसऱ्या पिढीच्या कोडच्या हाती पडणार नाही. ओपनटेलिमेट्री या ॲपच्या निरीक्षणाच्या प्रकल्पाचं जावास्क्रिप्ट एपीआय पॅकेज हेच करतं: ग्लोबलधिसवर सिम्बॉलची कळ, कळीत मुख्य व्हर्जन.

मॉड्यूलचं काम मग एवढंच. ग्लोबलधिसवर त्या कळीखाली काही आहे का बघायचं. नसेल तर नवा साठा ठेवायचा, असेल तर तोच घ्यायचा. दोन प्रश्नचिन्हं आणि बरोबरचं चिन्ह हा ऑपरेटर एका ओळीत हे करतो. साठ्यात तीन खण पुरतात: मूल्यं, ऐकणाऱ्यांची यादी, आणि 'भरलं का' हे सांगणारा एक झेंडा.

ऐकणाऱ्यांची यादी साठ्यातच हवी. मूल्यं बाहेर काढून यादी मॉड्यूलच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, की भाषा बदलल्यावर मूल्य दोघांना नवं दिसतं पण फॉर्मला बदल झाल्याची वर्दीच मिळत नाही. आणि साठ्यात साधा डेटा ठेवा, स्वतःच्या क्लासची ऑब्जेक्ट नकोत: एका प्रतीने बनवलेलं ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रतीतल्या 'इन्स्टन्सऑफ'ला ओळखीचं वाटत नाही.

आयफ्रेमला (पानातलं दुसरं पान) आणि वर्करला (पानापासून वेगळा चालणारा कोड) स्वतःचं ग्लोबलधिस असतं, तिथे हा साठा रिकामा दिसेल. वर्करला सेटिंग 'पोस्टमेसेज'ने पाठवायची. त्यात फंक्शन असेल तर 'डेटाक्लोनएरर' येते, साध्या डेटाचा आग्रह त्यासाठीही.

वेबपॅक ५ वर मॉड्यूल फेडरेशन (वेगवेगळ्या बिल्डनी चालताना एकमेकांची मॉड्यूलं वापरायची सोय) वापरत असाल तर 'शेअर्ड'मध्ये 'सेटिंग'ला 'सिंगलटन' खरं करा आणि हा दुसरा उपाय सोडून द्या. 'ईगर कन्झम्प्शन'ची चूक आली तर मुख्य फाइलीतला सगळा कोड दुसऱ्या फाइलीत हलवून ती डायनॅमिक इम्पोर्टने आणा.

भरण्याआधी वाचलं तर

प्रत एक झाली तरी पहिल्या परिच्छेदातला दोष राहू शकतो. मुख्य फाइलीत वर तीन इम्पोर्ट असतात, त्यांच्याखाली 'सेटिंग भरा' अशी ओळ. वाचताना क्रम बरोबर वाटतो. पण इम्पोर्ट केलेली सगळी मॉड्यूलं आधी पूर्ण चालतात, मग या फाइलीची पहिली ओळ. मागणी-फॉर्मच्या फाइलीत अगदी वर, फंक्शनच्या बाहेर, 'इंटल नंबरफॉरमॅट' (भाषेप्रमाणे आकडे छापणारा फॉरमॅटर) बनवला असेल तर तो रिकाम्या सेटिंगवर बनून बसतो, आणि नंतर भाषा भरली तरी त्याला पत्ता नसतो.

दोन्ही बाजूंनी बंदोबस्त करा. वाचणाऱ्याने सेटिंग फंक्शनच्या आत, लागेल तेव्हा वाचावी. फॉरमॅटर दरवेळी बनवणं जड पडतं, तेव्हा तो भाषेच्या नावाने एका मॅपमध्ये साठवून ठेवा. भरणाऱ्याने भरायचं काम 'आरंभ' नावाच्या वेगळ्या फाइलीत न्यावं आणि मुख्य फाइलीत ती सगळ्यांत पहिली इम्पोर्ट करावी.

त्या पहिल्या ओळीला दोन शत्रू आहेत. एक म्हणजे इम्पोर्ट वर्णक्रमाने लावणारा लिंटर (कोडची शिस्त तपासणारं साधन). तो तिला खाली ढकलतो, तिथे नियम बंद केल्याची टिप्पणी लिहा. दुसरा 'साइड इफेक्ट्स: फॉल्स', म्हणजे नुसत्या इम्पोर्टने या फाइलींचा काही परिणाम होत नाही असं बंडलरला सांगणारी ओळ. 'आरंभ'मधून काहीच एक्स्पोर्ट होत नाही, त्यामुळे पॅकेज डॉट जेसनमध्ये असं लिहिलेलं असेल तर बंडलर ती फाइल निरुपयोगी समजून काढून टाकतो. डेव्ह सर्व्हरवर सगळं चालतं, बिल्डमध्ये सेटिंग गायब. फॉल्सच्या जागी यादी द्या आणि त्यात 'आरंभ'चा मार्ग लिहा.

'वाचा' फंक्शनमध्ये तो झेंडा तपासा: साठा भरला नसताना वाचलं गेलं तर डेव्हमध्ये 'कन्सोल ट्रेस'. कुणी घाई केली ते फाइल आणि ओळीसकट कळतं. एवढ्या एका तपासणीने जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशाने वाचत नाही.

सेटिंग नेटवर्कवरून आणायची का?

दर रोज बदलतात, म्हणून 'सेटिंग डॉट जेसन' सर्व्हरवरून आणायची असं पुष्कळ जण ठरवतात. मग ती येईपर्यंत पान थांबतं. देवगड-मालवणच्या एखाद्या वाडीत, पावसात रेंज एका दांडीवर आल्यावर ती वेळेत येईल याची खात्री कोण देणार? शक्य असेल तर सेटिंग एचटीएमएलमध्येच लिहून पाठवा: 'ॲप्लिकेशन/जेसन' प्रकाराच्या स्क्रिप्ट टॅगमध्ये, बंडलच्या टॅगच्या वर. फेरी वाचते, आणि हा टॅग नुसता डेटा असल्याने सीएसपीचा (पानावर कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची ते ठरवणारा) नियमही आड येत नाही. आतला 'पेक्षा लहान' हा चिन्ह मात्र त्याच्या युनिकोड एस्केपमध्ये बदलून लिहा, नाहीतर एखाद्या मजकुरातला बंद होणारा स्क्रिप्ट टॅग सगळं पान फोडेल.

आणायचीच असेल तर 'अबॉर्टसिग्नल टाइमआउट'ला ४००० मिलिसेकंद द्या, अपयश आलं तर बिल्डमधली मूळ मूल्यं वापरा, आणि बाकीची पॅकेजं सेटिंग भरल्यावर डायनॅमिक इम्पोर्टने आणा. या फाइलीवर 'कॅश कंट्रोल: नो कॅश' हवा. सर्व्हिस वर्कर (फाइली फोनवर साठवून ठेवणारी स्क्रिप्ट) असेल तर त्याच्या यादीतून ती वगळा. नाहीतर जूनमध्ये पाऊस पडायला लागला तरी कुणाच्या तरी फोनवर एप्रिलचा दर आणि चालू हंगाम दिसत राहतो, आणि तो माणूस ऑर्डर टाकून मोकळा होतो.

मूल्यं जोडताना एक लक्षात ठेवा: तीन टिंबांचा स्प्रेड वरच्याच थराला जोडतो. मूळ सेटिंगमध्ये 'पोच'खाली शहर, दिवस, शुल्क आहे आणि ॲपने 'पोच'खाली फक्त शुल्क दिलं, तर शहर आणि दिवस उडतात. 'ऑब्जेक्ट फ्रीझ'चंही तेच, आतला थर मोकळाच राहतो. सेटिंग शक्यतो सपाट ठेवा, 'पोचशुल्क', 'पोचदिवस' अशी. दोन्ही भानगडी मिटतात.

सर्व्हरवर आणि चाचण्यांत

नोडवर पान तयार होत असेल तर ग्लोबलधिस सगळ्या ग्राहकांत सामाईक असतं. तिथे ग्राहकाची भाषा ठेवली, की एकासाठी उत्तर अर्धवट असताना दुसऱ्याची विनंती येते आणि पहिल्याचं उरलेलं पान दुसऱ्याच्या भाषेत जातं. एकट्याने बसून चाचणी करताना हे कधीच दिसणार नाही. ग्राहकागणिक बदलणारं ते 'असिंकलोकलस्टोरेज'मध्ये (नोडमधला, प्रत्येक विनंतीचा वेगळा साठा) ठेवा, किंवा सरळ फंक्शनला हाताने द्या.

वेळेचं क्षेत्रही सेटिंगमध्ये असू द्या आणि तारीख छापताना दरवेळी 'एशिया/कोलकाता' स्पष्ट द्या. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत आलेल्या ऑर्डरवर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि पोचवण्याचा दिवस तिथून चुकतो.

चाचण्या चालवणारं जेस्ट हे साधन प्रत्येक चाचणी-फाइलीला वेगळं मॉड्यूल-दप्तर आणि वेगळं ग्लोबल देतं, पण एका फाइलीतल्या चाचण्या साठा वाटून घेतात. 'रिसेट मॉड्यूल्स'ने मॉड्यूलं नवी होतात, ग्लोबलधिसवरचा साठा तसाच राहतो. म्हणून 'सेटिंग' पॅकेजातच साठा पुसणारं फंक्शन द्या आणि ते प्रत्येक चाचणीआधी बोलवा.

शेवटची तपासणी डेव्ह सर्व्हरवर नको, तयार बिल्डच्या प्रीव्ह्यूवर करा, आणि ब्राउझर मुद्दाम इंग्रजीत ठेवून. पहिल्या उपायात कन्सोलवर खुणेची ओळ (प्रती मोजताना ठेवलेली अक्षरमाला) एकदाच यायला हवी. दुसऱ्यात ती दोनदा आली तरी चालेल, पण ग्लोबलधिसवर साठा एकच हवा. मग दरफलक आणि फॉर्ममधले आकडे एका लिपीत येतात का बघा. ग्राहकाला इंग्रजी आकडे हवे असतील तर भाषेच्या नावाच्या शेवटी 'यू-एनयू-एलएटीएन' जोडायचं, भाषा बदलायची नाही. आणि फॉर्म ती रक्कम पानावरून परत वाचत असेल तर तिथेच थांबा: 'नंबर' या फंक्शनला देवनागरी '३५००' दिलं तरी, स्वल्पविरामाचं इंग्रजी रूप दिलं तरी उत्तर 'नॅन' (संख्या नाही) येतं. हिशोबाची रक्कम डेटामधूनच घ्या.